वेगळं ताट

रविवारी संध्याकाळी आमच्या हॉस्टेलची मेस बंद असते. त्या दिवशी ज्याचा डबा गावाहून येतो तो राजा! माझा डबा अंबडकडून येणाऱ्या चारच्या एसटीने येतो. आई गावच्या फाट्यावर डबा ड्रायव्हरकाकांच्या स्वाधीन करते आणि मी जालना स्टँडवर जाऊन तो उतरवून घेतो. खोलीपर्यंत पोहोचेस्तोवर माझ्यामागे चार-पाच जणांची वरात तयार झालेली असते. झाकण कोण उघडणार यावर भांडणं ठरलेली. कारण आईच्या भरल्या वांग्यांवर बोटभर लाल तेल तरंगत असे, आणि त्या तेलात भाकरीचा पहिला तुकडा बुडवायचा मान झाकण उघडणाऱ्याचा, असा आमच्या खोलीचा अलिखित कायदा होता.

एप्रिल २०२४ मधल्या एका रविवारी झाकण उघडलं आणि सगळे गप्प झाले. वांगी होती, मसाला होता, पण तेल नव्हतं. नुसतं वांग्याच्या कडेला किंचित चकाकत होतं. एकजण म्हणाला, "लेका, काकू रागावल्या का तुझ्यावर?" सगळे हसले, मीही हसलो. खरं कारण मात्र मी कुणाला सांगितलं नाही. ते सांगायला मला हा अंक मिळाला, म्हणून आज सांगतो.

आमचं गाव अंबड तालुक्यात, गोदाकाठच्या पट्ट्यात. ऊस, कापूस, तूर आणि २०१२ च्या दुष्काळातून वाचलेली थोडी मोसंबी. अण्णा शेती करतात. अंगाने काटक, पोट म्हणाल तर पाठीला लागलेलं. बिडी नाही, तंबाखू नाही. गळ्यात माळ, त्यामुळे मटण-अंड्याचा प्रश्नच नाही. दिवसभर राबणं. असा माणूस आजारी पडतो तरी कशाने?

जानेवारी २०२४. शेतीपंपाची लाइट रात्रीची होती, म्हणून अण्णा रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला गेले. पहाटे तीनच्या सुमारास छातीत दाबल्यासारखं झालं, डाव्या हाताला मुंग्या आल्या, घाम सुटला. कडाक्याच्या थंडीत घाम! अण्णांना वाटलं, पित्त झालं. घरी येऊन त्यांनी सोडा प्यायला आणि पडून राहिले. आईने पाठीला तेल चोळलं. असे चार तास गेले. सकाळी चुलते आले, त्यांनी चेहरा पाहिला आणि सरळ गाडीत घातलं. अंबड, जालना आणि तिथून संभाजीनगर. मला फोन आला तेव्हा मी वर्कशॉपच्या प्रॅक्टिकलला होतो. अंगातला खाकी एप्रनही न काढता मी स्टँडवर पळालो.

अण्णा वाचले. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती, तिथे स्टेंट बसवली. डॉक्टर म्हणाले, "अजून तासभर उशीर झाला असता तर मी तुमच्याशी वेगळं बोललो असतो." म्हणून मित्रांनो, या लेखातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं ठेवा: छातीत दाबणं, हात किंवा जबडा दुखणं, थंडीत घाम येणं, याला 'गॅस' म्हणून सोडा पीत बसू नका. आधी दवाखाना.

अण्णा सावरल्यावर त्यांचा लिपिड प्रोफाइलचा कागद मी पहिल्यांदा नीट वाचला. एकूण कोलेस्टेरॉल २४८, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराईड २३०. एलडीएलसमोर १६८ लिहिलं होतं आणि पुढे 'कॅल्क्युलेटेड' असा शेरा. आता हिशेब म्हटला की आपल्या लोकांचे हात शिवशिवतात. शोधलं तर सूत्र निघालं फ्रीडवाल्ड नावाच्या शास्त्रज्ञाचं, १९७२ चं. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, मग ट्रायग्लिसराईडचा पाचवा भाग वजा करायचा. २४८ वजा ३४ वजा ४६. बरोबर १६८! (ट्रायग्लिसराईड ४०० च्या वर गेलं तर हे सूत्र चालत नाही, हेही लक्षात ठेवा.)

अण्णांना मात्र तो कागदच मान्य नव्हता. "आपण माळकरी माणसं. आपल्याला कुठलं आलंय कोलेस्टेरॉल? आन् तेलाच्या पिशवीवर तर छापलेलंच असतंय, कोलेस्टेरॉल नाही म्हणून!"

तुम्ही-आम्हीही असंच समजतो. पिशवीवरचं खरंच असतं. कोणत्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच. पण ते वाचून खुश होणं म्हणजे सिमेंटच्या पोत्यावर 'यात साखर नाही' असं वाचून खुश होण्यासारखं आहे. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल बाहेरून येत नाही, आपलं लिव्हरच ते तयार करतं. एलडीएल म्हणजे तो माल रक्तातून वाहून नेणारे ट्रक समजा. ट्रक परत लिव्हरच्या गोदामात रिकामे व्हायला हवेत. ब्राऊन आणि गोल्डस्टाइन या दोघा अमेरिकन डॉक्टरांनी ट्रक उतरवून घेणारे हे धक्के शोधून काढले आणि त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं. वनस्पती तूप, पामतेल, साय, लोणी यांतले संपृक्त स्निग्ध पदार्थ जास्त झाले की धक्के कमी होतात आणि ट्रक रस्त्यातच उभे राहतात. मग रक्तवाहिनीच्या भिंतीत माल साचत जातो. माणूस जाडा असो की काटक, माळकरी असो की नसो. आणि ट्रायग्लिसराईड? त्याला अण्णांचा दिवसाला सहा कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर बराच हातभार लावत होती.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पथ्याचा कागद दिला. खरी गोष्ट इथून सुरू होते.

आईने पथ्य अगदी मनावर घेतलं. चुलीवर दोन भांडी चढायला लागली. मोठ्या कढईत आमची नेहमीची भाजी, लाल तर्रीची. छोट्या पातेलीत अण्णांची भाजी, म्हणजे उकडलेला भोपळा, वर चिमूटभर मीठ. जेवायला बसलो की आमच्या ताटात पिठलं, ठेचा, पापड आणि अण्णांच्या ताटात ते पांढरं काहीतरी. अण्णा मान खाली घालून जेवायचे आणि सगळ्यांच्या आधी उठायचे. घरातला कर्ता माणूस पण जेवताना पाहुण्यासारखा दिसायला लागला.

दोन महिने असे गेले. मार्चमध्ये मी शनिवारी घरी गेलो होतो. आई कपडे धूत होती. धुण्याआधी तिने अण्णांच्या सदऱ्याचा खिसा तपासला आणि एक चुरगळलेला वर्तमानपत्राचा तुकडा बाहेर काढला. त्यावर तेलाचे मोठे डाग होते. फाट्यावरच्या हॉटेलातल्या भज्यांचा कागद! आई काही बोलली नाही. कागद हातात धरून तिथेच दगडावर बसून राहिली. मला अण्णांचा भयंकर राग आला. मरणाच्या दारातून आलेला माणूस असा कसा वागतो? मी तावातावाने बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात ओसरीवरून आजी म्हणाली,

"त्याला बोलू नको. सुतकातल्या माणसावानी येगळं ताट वाढता दोन महिने झाले. मानूस मग बाहेर जाऊन खाईल न्हाई तर काय? उद्यापासून मला बी त्याच्याच भांड्यातलं वाढ गं."

आई म्हणाली, "आत्याबाई, तुम्हाला जायचं नाही ते घशाखाली."

"मग जाईल असं कर की!"

आजीला शाळा माहीत नाही. पण अण्णांच्या आजारातली सगळ्यात मोठी सूचना तिने दिली, असं मला आज वाटतं. पथ्याचं जेवण वेगळं, बेचव आणि एकट्याचं असेल तर ते टिकत नाही. ते सगळ्यांना आवडेल असं करावं लागतं आणि सगळ्यांनी खावं लागतं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या चुलीवर एकच भांडं चढायला लागलं.

आधी आम्ही तेलाचा हिशेब केला. आमच्याकडे १५ किलोचा डबा साधारण अडीच महिने पुरायचा. मी हॉस्टेलवर, म्हणजे घरात अण्णा, आई, आजी आणि धाकटी बहीण अशी चार माणसं. १५,००० ग्रॅम भागिले ७५ दिवस, भागिले चार. रोज माणशी ५० ग्रॅम! भारतीय आहारशास्त्राच्या तक्त्यांत बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २५ ग्रॅम आणि अंगमेहनतीचं काम करणाऱ्यालाही ४० ग्रॅम वरचं तेल-तूप पुरे, असं धरलेलं आहे. माझी पंचाहत्तरीची आजी रोज ५० ग्रॅम खात होती, आणि आम्ही समजत होतो की आपलं खाणं साधं.

त्यावर आईनेच उपाय काढला. खोकल्याच्या औषधाची १०० मिलीची रिकामी बाटली तिने गरम पाण्याने स्वच्छ धुतली. सकाळी त्यात दिवसाचं तेल काढायचं. सकाळ-संध्याकाळची भाजी, फोडणी, धपाटे, सगळं त्यातच. संपलं की संपलं. १०० मिली म्हणजे साधारण ९२ ग्रॅम, माणशी २३. पहिल्या दिवशी बाटली दुपारीच रिकामी झाली आणि रात्री सगळ्यांनी वरण-भाकरी आणि कांदा खाल्ला. पहिले पंधरा दिवस फार गमतीचे गेले. एवढ्याशा तेलात कढईभर फोडणी करायला जावं तर मोहरी तडतडण्याऐवजी जळायची. बहीण रुसायची. मग आई शिकत गेली. भाजी आधी झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायची. कांदा कढईला लागायला लागला की तेलाऐवजी पाण्याचा हबका मारायचा. आणि फोडणी शेवटी, छोट्या पळीत करून वरून ओतायची. त्यामुळे लसूण-जिऱ्याचा वास सगळा वर राहतो आणि जेवणाऱ्याला वाटतं की तेल भरपूर आहे.

आमटीला दाटपणा आणि चव कशी आणायची, हा प्रश्न आजीने सोडवला. आपल्या मराठवाड्याचा येसर! धान्य, डाळी, धने, जिरे, मिरची असं सगळं खमंग भाजून दळून ठेवायचं. दोन चमचे येसर पाण्यात कालवून उकळत्या आमटीत सोडला की आमटी दाट होते आणि तर्रीची आठवण येत नाही. भरल्या वांग्यात शेंगदाण्याचा कूट निम्मा केला, कारण शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं, आणि बाकीच्या जागी भाजलेल्या जवसाचा कूट आणि येसर घातला. तीच ती वांगी, जी तुम्ही त्या रविवारी बघितलीत.

जवसाची चटणी, गवारीच्या शेंगा, मेथी, मोड आलेली मटकी, तुरीचं वरण, पेरू, चोथ्यासकट मोसंबी, हे सगळं वाढलं. याच्यामागचं गणित मला फार आवडलं. लिव्हर कोलेस्टेरॉलपासून पित्तरस बनवतं. तो आतड्यात जातो आणि काम झालं की बहुतेक परत लिव्हरकडे येतो. म्हणजे रिसायकलिंग! डाळी, जवस, गवार, फळं यांतला बुळबुळीत, पाण्यात विरघळणारा चोथा हा पित्तरस धरून ठेवतो आणि बाहेर घेऊन जातो. मग नवा पित्तरस बनवायला लिव्हरला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घ्यावं लागतं. मोसंबीचा रस गाळून प्यायलात तर यातला बराचसा चोथा गाळणीतच राहतो, हे जालनेकरांनी विशेष लक्षात ठेवावं!

हे खाणं काही परदेशी नाही. ओट्स आणि ऑलिव्ह ऑइल आमच्या फाट्यावर मिळतही नाही. आजी सांगते, आजोबांच्या वेळी ज्वारीच्या शेताच्या कडेने करडई असायची. काट्यांमुळे जनावर आत शिरत नसे, कोवळ्या पानांची भाजी व्हायची आणि बियांचं तेल घाण्यावर काढून आणायचे. वर्षाचं तेल तेवढंच, म्हणून ते जपूनच वापरलं जाई. पुढे सोयाबीन आलं, काट्यातली काढणी करायला मजूर मिळेना आणि करडई मागे पडली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम' सारखे वाण दिले, फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याचा वाणही काढला, तरी आमच्या शिवारात ती शोधावी लागते. २०२४ च्या रब्बीत अण्णांनी हट्टाने दहा गुंठे करडई पेरली.

तेल आलं तेव्हा चुलते म्हणाले, "आता कितीबी खा. करडईचं तेल हृदयाला चांगलं." मी शोधलं. करडईच्या तेलात संपृक्त भाग फार थोडा असतो आणि त्याने एलडीएल उतरतं, हे खरं. पण ऑस्ट्रेलियात सिडनीला १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकाराच्या ४५८ पुरुषांवर एक प्रयोग झाला होता. काहींना लोणी वगैरेंच्या जागी करडईचं तेल आणि त्यापासून केलेलं मार्गारिन दिलं. त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं. पण २०१३ मध्ये जुने आकडे पुन्हा तपासले तेव्हा दिसलं की त्याच गटात मृत्यू जास्त झाले होते! एका प्रयोगावरून करडई वाईट ठरत नाही. संपृक्त स्निग्धाच्या जागी असंपृक्त तेल घ्या, असंच आजही बहुतेक तज्ज्ञ सांगतात. पण एकच तेल औषध समजून ओतायचं नाही, एवढा धडा मी घेतला. आम्ही करडई, शेंगदाणा, सोयाबीन आलटून पालटून वापरतो, आणि कोणतंही असलं तरी बाटली १०० मिलीचीच!

आता माझी गोष्ट. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, "वडिलांना पंचावन्नच्या आत झटका आलाय. मुलांचीही तपासणी करून घ्या." अण्णा तेव्हा ५१ वर्षांचे. मी सबमिशन, ओरल, परीक्षा अशी कारणं काढत राहिलो. शेवटी जून २०२४ मध्ये रक्त दिलं. एकूण २१४, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराईड १९०. सूत्र पाठ होतंच. १४० एलडीएल, वय वर्षं वीस. मी तो कागद घडी घालून थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकात ठेवला आणि कुणाला सांगितलं नाही. आठ दिवसांनी एकदम लक्षात आलं. अण्णांनी भज्याचा कागद खिशात लपवला, मी हा पुस्तकात लपवला. मग फरक काय? त्याच रात्री आईला फोन केला. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "घरी मी बघते रे. पन तिकडं मेसमधी कोन बघणार?"

म्हणून मी मेस कमिटीत गेलो. बऱ्याच जणांना वाटलं की निवडणुकीची तयारी चाललीय! पहिलं काम, स्टोअरमधले तेलाचे डबे मोजले. महिन्याला सात डबे, मुलं साठ. १,०५,००० ग्रॅम भागिले साठ, भागिले तीस. माणशी ५८ ग्रॅम. घरापेक्षाही वर! आणि तेही पामतेल, ज्यात जवळजवळ निम्मा भाग संपृक्त असतो. शिवाय पुऱ्यांचं उरलेलं तेल पुन्हा तळणात, त्यात नवीन तेलाची भर, पुन्हा तळण. तळून तळून तेलात जे घातक घटक तयार होतात त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. आमच्या कढईचा रंग बघून मापायची गरज वाटत नव्हती.

मेसच्या मामांवर रागावून उपयोग नव्हता. ते म्हणाले, "दादा, तर्री दिसली न्हाई की पोरं ताट सरकवतात. शिव्या मी खातो." आणि ते खरंच होतं. आपणच तर वाटीत तर्री मागतो!

मग आम्ही एक गंमत केली. आईने दोन किलो येसर पाठवला. एक आठवडाभर मामांनी आमटीत तेल निम्मं केलं, येसर घातला, फोडणी वरून दिली. कुणाला काहीही सांगितलं नाही. सात दिवसांत एकही तक्रार आली नाही. एकाने तर विचारलं, "मामा, मसाला बदलला का? भारी झालीय." दुसऱ्या आठवड्यात मी उत्साहाच्या भरात फळ्यावर लिहिलं, 'आजपासून कमी तेलाची आरोग्यदायी आमटी.' आमटी तीच, मामा तेच. पहिल्याच दिवशी अकरा तक्रारी! "पेशंटचं जेवण देता का?" मला आमच्या घरातलं ते वेगळं ताट आठवलं. फळा पुसून टाकला. आमटी चालू राहिली.

रेक्टर सरांनी आमची बाजू घेतली म्हणून पुढचं जमलं. पामतेलाच्या जागी सोयाबीन तेल आलं. पुऱ्या दर रविवारऐवजी महिन्यातून एकदा. तळलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीत संपवायचं, पुन्हा तळायचं नाही. बुधवारी ज्वारीची भाकरी, जी करायला येणाऱ्या मावशींभोवती आता गर्दी असते. आज महिन्याला पाच डबे लागतात, म्हणजे माणशी सुमारे ४२ ग्रॅम. अजूनही जास्तच आहे. खारी-टोस्ट, टपरीवरचा वडापाव हे कमिटीच्या हातात नाही. पण डालडासारख्या वनस्पती तुपात पूर्वी भरपूर असायचं ते ट्रान्स फॅट जानेवारी २०२२ पासून कायद्याने २ टक्क्यांवर आणलंय, हीसुद्धा बरी गोष्ट झाली.

चार महिन्यांनी माझं एलडीएल १४० वरून १२४ झालं. गोळीशिवाय, आणि संध्याकाळी ग्राउंडवर फेऱ्या मारून. मित्र म्हणाले, "एवढं सगळं करून फक्त सोळा?" हो, सोळाच! खाण्याने साधारण एवढाच फरक पडतो. हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे, कारण इथेच अण्णा पुन्हा फसले होते.

झालं असं की जुलै २०२४ मध्ये अण्णांचं एलडीएल ९० आलं. घरात आनंद. अण्णांनी मनाशी ठरवलं, आता खाणं सुधारलंय, मग गोळी कशाला? कुणाला न सांगता बंद करून टाकली. दिवाळीनंतर तपासलं तर १३१! डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "खाणं बदललंत म्हणून १३१ वर थांबलं, पूर्वी १६८ होतं. पण स्टेंट बसलेल्या माणसाचं मला सत्तरच्या खाली पाहिजे. ते नुसत्या भाकरीने होणार नाही. दोन्ही लागतं."

अण्णांचा गोळीवर राग होता. "केमिकल" म्हणायचे. मग मी त्यांना अकिरा एंडो यांची गोष्ट सांगितली. जपानमधले शेतकऱ्याच्या घरचे शास्त्रज्ञ. त्यांनी सुमारे सहा हजार बुरशा तपासल्या आणि १९७३ मध्ये तांदळावर सापडलेल्या एका बुरशीत लिव्हरचं कोलेस्टेरॉल बनवणं कमी करणारा पदार्थ त्यांना मिळाला. या जातीच्या सगळ्या गोळ्यांचा तो मूळपुरुष. एंडो २०२४ मध्येच वारले. आता बऱ्याच गोळ्या कारखान्यात बनतात, पण सुरुवात धान्यावरच्या बुरशीतून झाली. अण्णा बराच वेळ विचार करत बसले आणि म्हणाले, "मंजे धान्यातूनच आलीय म्हन की." तेव्हापासून रात्री जेवण झालं की बहीण गोळी देते आणि अण्णा आमच्यासमोर घेतात. २०२५ च्या उन्हाळ्यात एलडीएल ६६ आलं.

त्याच उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुणे आले होते. आईने ओळीने ताटं मांडली. ज्वारीची भाकरी, येसरची आमटी, वांगी, जवसाची चटणी, ताक. अण्णांच्या आजाराचं कळलेल्या मामांनी काळजीने विचारलं, "दाजींचं पथ्याचं ताट कोणतं?" आजी म्हणाली, "कोनतं बी घ्या. समदी सारखीच हायेत." अण्णा मधल्या पाटावर बसले आणि सगळ्यांत शेवटी उठले.

असो. लेख लांबला. रविवारचा डबा अजून चारच्याच एसटीने येतो आणि झाकणासाठी भांडणं अजून होतात. त्या दिवशी "काकू रागावल्या का" विचारणाऱ्याने मध्यंतरी हळूच माझ्याकडून येसरची कृती लिहून नेली. त्याच्या वडिलांनाही गोळी सुरू झालीय. तुम्हाला एकच विनंती. या सुट्टीत घरी गेलात की आईला विचारा, तेलाचा डबा किती दिवस पुरतो आणि जेवणारी माणसं किती. भागाकार तुम्हाला येतोच. आणि घरात कुणाचं वेगळं ताट वाढलं जात असेल, तर आपलं ताट त्याच्या शेजारी ठेवा आणि त्यातलंच वाढून घ्या.